शंभरपैकी एकतीस

९ जानेवारी

ही वही खरं तर मापांची. प्रत्येक पानावर छाती, कंबर, बाही, उंची असे रकाने छापलेले आहेत. मी त्यांच्यावरूनच लिहीत सुटणार आहे. कुणाला वाचायला द्यायची नाही, मग रकाने काय चाटायचेत?

लिहायचं कारण असं, की आज इस्पितळात माझ्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. कंपवाताच्या पेशंटांवर कसला तरी अभ्यास चाललाय. रोज सकाळी नऊ वाजता फोन वाजणार. मग पडद्यावरचे दोन गोल मी दोन बोटांनी आळीपाळीनं दाबायचे, अर्धा मिनिट. मग गोगलगाईच्या पाठीवर असते तशी वाटोळी रेघ काढायची. मग पाच तोंडं दिसतात, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. आज कसं वाटतंय ते तोंड दाबून सांगायचं. शेवटी एक रिकामी चौकट: 'आणखी काही सांगायचंय?' आणि दुपारी बाराला हाताला शंभरपैकी मार्क. एकसष्टाव्या वर्षी मला पुन्हा परीक्षेला बसवलं या लोकांनी.

समजावून सांगणाऱ्या बाई दर वाक्यात 'आपला अभ्यास, आपला अभ्यास' म्हणत होत्या, म्हणून मी त्यांचं नाव अभ्यासबाई ठेवलं. मी विचारलं, "एखाद्या दिवशी हात चुकला तर?" तर म्हणाल्या, "अकरापर्यंत पुन्हा करता येतं. शेवटचा आकडा धरतो आम्ही." शेजारी बसलेल्या वन्सं मान डोलावत ऐकत होत्या. फॉर्मही त्यांनीच भरला. माझं अक्षर हल्ली मुंगीएवढं येतं.

"चौकटीत रोज दोन ओळी लिहा, मन मोकळं होईल," असं अभ्यासबाई म्हणाल्या. फोनपाशी मन मोकळं करणारी मी नव्हे. पण कुठेतरी करावंसं वाटतंय हे खरं, म्हणून ही वही.

११ जानेवारी

आकडा ५६. गोगलगाय बरी आली.

वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण. माझ्याहून दीड वर्षानं मोठ्या. लग्न केलं नाही, का ते मी चाळीस वर्षांत विचारलं नाही. हे गेल्यावर एकोणीस वर्षं आम्ही दोघीच आहोत. घराची पुढची खोली म्हणजे शिवणाचं दुकान. मी कापते, वन्सं शिवतात. दिवसातून दोनदा भांडतो, पण दुकानाचं कुलूप एकटीनं कुणी उघडलेलं आठवत नाही.

गिऱ्हाइकं मला मास्तरीणबाई म्हणतात. कापणाऱ्याचा मान वेगळाच असतो. शिवण चुकली तर उसवता येते, कात्री चुकली की संपलं. कापायला मला यांनी शिकवलं, आणि शेवटी शेवटी स्वतःपेक्षा माझ्या हातावर त्यांचा जास्त भरवसा होता. तो हात आता हलतो. गिऱ्हाइकांना अजून ठाऊक नाही. मी साडीवरच्या जाकिटाच्या खिशात हात घालून बोलते. कळलं तर माझ्यापुढे कापड आणून कोण टाकेल? आणि कात्री गेली तर मग मी या घरात कोण? चहा करणारी म्हातारी.

१६ जानेवारी

३८.

बारा वाजता फोन वाजला. सकाळी गोळी चढायच्या आधी परीक्षा घेतात मेले. मी कात्री खाली ठेवली ती ठेवलीच. वन्सं म्हणाल्या, "अहो वहिनी, फोनचा आकडा आहे तो, ब्रह्मदेवाचं लिखाण नव्हे." मी म्हटलं, तुमचा हात हलत नाही म्हणून सुचतंय हे.

१८ जानेवारी

दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडले. आकडा ३५, मग ३६. जेवले नाही. गणवेशांचा गठ्ठा तसाच. वन्संनी ताट तीनदा आणलं, तीनदा नेलं. चौथ्यांदा ताट आपटून म्हणाल्या, "तुम्ही अशा पडून राहिलात तर मी काय त्या मशीनशी बोलू?" मला माझ्याच हाताचा राग आलाय. इतकी वर्षं पोसला, आणि ऐन वेळी तोंडघशी पाडतोय.

१९ जानेवारी

चौसष्ट! मी दोनदा चष्मा पुसला.

सकाळी बोटं इतकी अडखळत होती, की मला वाटलं आज पंचवीसच्या वर जात नाही. पण मशीनला कळतं, आपल्याला कळत नाही. अंघोळ करून दुकानात गेले. सहा गणवेश कापले. वन्सं म्हणाल्या, "बघा, मी सांगत नव्हते?" आणि स्वतःच घळाघळा रडायला लागल्या. मार्क माझे, रडतात या.

२७ जानेवारी

आठ दिवस साठाच्या खाली उतरले नाही. काल ६८. हे अभ्यासाचं प्रकरण वाटलं होतं तितकं वाईट नाही. आकडा बघून दिवसाला बळ येतं. कापताना गाणं गुणगुणत होते म्हणे मी, कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं सांगितलं. तो शर्ट न्यायला आला होता. कॉलर बघून म्हणाला, "मास्तरीणबाई, तुमच्या हाताला तोड नाही." खडूची रेघ माझी जरा वाकडी गेली होती असं मला आठवत होतं, पण शर्टात काही दिसलं नाही. वन्सं म्हणाल्या, डोळ्यांचा भास. हल्ली माझे कापलेले तुकडे त्या आधी आत नेतात, कडा साफ करायला. पूर्वी कधी करायच्या नाहीत. वय झालं की माणूस चिकित्सक होतो.

फोनही त्यांच्याकडेच असतो. माझी परीक्षा झाली की चार्जिंगला म्हणून आत नेतात, आणि मग पडद्याआडून टकटक टकटक ऐकू येते. बोटांनी टेबल वाजवायची ही सवय कधी लागली यांना देव जाणे.

आज यांची आठवण आली. यांच्या आजारात संध्याकाळी मी रिपोर्ट वाचून दाखवायचे. लिहिलेलं असायचं ते नव्हे. ऐकून चेहरा उजळेल ते. रक्त सुधारलं, गाठ बारीक झाली, सगळं माझ्या मनचं. अकरा महिने. उशी टेकून डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "छान." माणूस शेवटपर्यंत आशेवर राहिला. त्याचा मला अभिमान आहे.

७ फेब्रुवारी

डॉक्टरांची तारीख. दोन तास बाहेर, तीन मिनिटं आत. पूर्वी ते माझा हात हातात घ्यायचे, मनगट फिरवून बघायचे, दारापर्यंत चालायला लावायचे. आज माझ्याकडे पाठ आणि संगणकाकडे तोंड. पडद्यावर माझा आलेख. डोंगर चढतो तशी रेघ वर वर गेलेली.

"उत्तम! आजी, तुम्ही तर आमच्या अभ्यासातल्या स्टार आहात."

मी म्हटलं, "पण संध्याकाळी बटण लावता येत नाही हो. आणि गोळीनं मळमळतं."

"आकडे इतके चांगले आहेत, तर दुपारची गोळी अर्धी करून बघू. मळमळ थांबेल."

वन्सं एकदम म्हणाल्या, "नको! म्हणजे... गोळी कशाला कमी करायची? आहे ते बरं चाललंय."

डॉक्टर हसले. "बरं चाललंय म्हणूनच."

बाहेर आल्यावर मी वन्संना झापलं. डॉक्टरांपुढे आपली अक्कल कशाला पाजळायची? त्या पिशवी सावरत पुढे चालू लागल्या. एरवी मी एक बोलले की त्या चार बोलतात.

१५ फेब्रुवारी

अर्धी गोळी सुरू झाल्यापासून चार वाजले की हात ऐकत नाही. काल कपातला चहा बशीत, बशीतला साडीवर. वन्सं म्हणतात, "पूर्ण गोळी घ्या, मी सांगते डॉक्टरांना." मी म्हटलं, आजचा आकडा बघितलात का? ६९. म्हणजे हात बरा आहे, मीच घाबरट झालेय.

आता विश्वास कुणावर ठेवायचा, हातावर की आकड्यावर? आकडा मशीनचा, त्याला माझ्याशी वैर नाही. हात माझा. म्हणजे तोच लबाड.

२० फेब्रुवारी

वाचनालयातल्या बाई आल्या होत्या. पुस्तक उशिरा दिलं तर दटावतात त्याच. कधी हसताना बघितलं नव्हतं, आज कापड उलगडताना हसल्या. त्यांच्या आईनं वीस वर्षांपूर्वी घेऊन ठेवलेलं लोकरीचं कापड. जांभळं, जाड, हाताला सशासारखं. आईला कोट शिवायचा होता, राहून गेला. आता आई नाही. "तुमच्याशिवाय कुणाच्या हातात देणार नाही," म्हणाल्या. मी खिशातून हात काढला नाही, पण छाती फुगली हे खोटं कशाला सांगू.

त्या गेल्यावर वन्सं म्हणाल्या, "हे परत करू या, वहिनी."

"का?"

"असं कापड पुन्हा मिळायचं नाही."

"म्हणूनच माझ्याकडे दिलंय."

"मी म्हणते, आपण आता साधीच कामं घेऊ. गणवेश, उश्यांचे अभ्रे."

तळपायाची आग मस्तकात गेली. अभ्रे! मी म्हटलं, "बहात्तर आकडा आलाय काल. सरळ सांगा ना, मास्तरीणबाई व्हायचंय तुम्हाला." यावर त्या पांढऱ्याफटक पडल्या आणि आत गेल्या. लागलं वाटतं वर्मी.

२३ फेब्रुवारी

लिहिवत नाही, पण लिहिते.

वन्सं सकाळी दहानंतर दात काढायला गेल्या. जाताना दहादा बजावून गेल्या, "आज कात्रीला हात लावू नका, मी आल्यावर बघू." मी काय कुकुलं बाळ आहे? बाराला फोन वाजला. ७१. मी कोटाचं कापड टेबलावर पसरलं, कागदाचा पॅटर्न टाचला, खडू मारला. मोठी कात्री घेतली, यांची. पाठीचा भाग झाला. बाहीपण ठीक. मग समोरचा डावा भाग. काखेच्या वळणावर आले आणि हातानं झटका दिला. एकच. कात्री आत शिरली ती वीतभर, थेट छातीपर्यंत.

मी कात्री टेबलावर ठेवली. फोन शेजारी पडलेला. त्याच्यावर अजून ७१ आणि खाली एक नाचणारी चांदणी, 'शाब्बास!'

वन्सं सुजलेला गाल घेऊन आल्या. कापड बघितलं आणि खालीच बसल्या. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. बोळा धरलेल्या तोंडानं म्हणाल्या, "बाईंना सांगू, उंदरानं कुरतडलं."

"हे कात्रीचं कापलेलं आहे. उंदीर कात्री घेऊन आला होता?"

दोघींनाही हसू आलं नाही.

२८ फेब्रुवारी

अभ्यासबाईंनी बोलावलं. एकटीलाच या म्हणाल्या. मला वाटलं स्टार म्हणून सत्कार करतायत.

त्यांनी दार लावून घेतलं आणि दोन कागद पुढे ठेवले. "आजी, एक विचारू? तुमचा हात सुधारत होता, आणि मन मात्र दिवसेंदिवस खाली जात होतं. असं आमच्याकडे कुणाचंच नाही. म्हणून मी नीट बघितलं." पहिला कागद हाताचा. दुसरा तोंडांचा. त्यावर ओळीनं रडकी तोंडं. मी कधी रडकं तोंड दाबलेलं नाही, मी मधलं दाबते. तसं म्हटलं.

"हो, पहिल्या वेळी मधलंच आहे. दुसऱ्या वेळी रडकं."

"दुसरी वेळ कुठली?"

मग त्यांनी सांगितलं. सकाळी नऊला एक हात. साडेनऊ-दहाला दुसरा. पहिल्याचा ठेका अडखळत, दुसऱ्याचा एकसारखा, शिवणयंत्रासारखा. पहिले आकडेही त्यांनी ठेवलेले असतात, फक्त धरत नाहीत. मला दाखवले. ३४. ३३. २९. ज्या दिवशी मी गाणं म्हणत होते, त्या दिवशी ३०. कोट कापला त्या दिवशी २६.

टकटक, टकटक. पडद्याआडून. मी इतकी मूर्ख!

अभ्यासबाई म्हणाल्या, "चौकटीत लिहिलेलंही आहे. मला वाटलं तुम्हीच लिहिता, पण त्यात वहिनी वहिनी येतं." आणि वाचून दाखवलं. मी इथे उतरवून ठेवते, म्हणजे पुढेमागे दया आली तर वाचता येईल.

'आज वहिनी जेवल्या. आकडा बघून. मी पाप करतेय का?'

'सहाच्या सहा गणवेश पुन्हा कापले. दोन वाया. माझ्या साठवणीतल्या कापडातून भरले.'

'गोळी कमी केली हो! आता कसं सांगू?'

'हात त्यांचा हलतो, झोप माझी जाते.'

'कुणी वाचत असेल तर कृपा करून सांगा, मी काय करू.'

मी विचारलं, "मग तुम्ही काय सांगितलंत वन्संना?"

अभ्यासबाईंनी खाली बघितलं. "चौकटी तीन महिन्यांनी एकदम वाचायच्या असं ठरलंय. त्या आधी कुणी वाचत नाही. मीही हे परवाच उघडलं."

"मग 'आणखी काही सांगायचंय' असं रोज विचारता कशाला?"

त्यांनी कागद गोळा करून माझ्या हातात दिले. बिचाऱ्या म्हणावंसं वाटलं, म्हटलं नाही. डॉक्टरांनी गोळी पुन्हा पूर्ण केली. आज माझा हात हातात घेऊन बघितला. थोबाडीत मारावीशी वाटली.

त्याच दिवशी, संध्याकाळी

घरी आले. वन्सं काज करत होत्या. मी कागद त्यांच्या मांडीवर टाकले.

"केसानं गळा कापलात माझा."

त्यांनी कागद बघितले. सुई टोचून ठेवली. "वहिनी, तुम्ही दोन दिवस पाणीसुद्धा..."

"मी मेले असते तरी माझ्या हातानं मेले असते! सगळ्या गावाला कळलं असतं तरी चाललं असतं. तुम्ही मला मलाच कळू दिलं नाहीत. मी त्या आकड्यावर कात्री चालवली, वन्सं. दुसऱ्याच्या आईच्या कापडावर. तुमच्या बोटांच्या आकड्यावर!"

"मी नको म्हटलं होतं कापड."

"खरं का नाही म्हटलंत?"

तेव्हा त्या उठल्या. भांडण रोजचं, पण असा चढा आवाज चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. "खरं? दादाला खरं कोण सांगत होतं? संध्याकाळी रिपोर्ट घेऊन कोण बसत होतं, गाठ बारीक झाली म्हणत? मी दाराशी उभी राहून ऐकत होते. तुमच्याकडूनच शिकले मी हे."

ते वेगळं होतं. मी तसंच म्हटलं, "ते वेगळं होतं." त्या म्हणाल्या, "कसं?" मी आत निघून आले.

ते वेगळंच होतं. ते मरणार होते.

९ मार्च

नऊ दिवस बोललो नाही. घरात दोन म्हाताऱ्या आणि दोन चहाची भांडी. त्यांनी फोन माझ्या उशाशी आणून ठेवला आणि पुन्हा हात लावला नाही. मीही परीक्षा दिली नाही. फोन रोज नऊला वाजतो आणि आपला आपणच गप्प होतो.

आज कापड घेऊन वाचनालयात गेले. उंदीर नाही, काही नाही. टेबलावर कापड ठेवलं, चीर दाखवली, मग खिशातून हात काढून त्याच्या शेजारी ठेवला. हात आपला नाचत होता.

बाईंनी आधी हाताकडे बघितलं, मग चिरेकडे. मला वाटलं होतं त्या म्हणतील जाऊ द्या. तसं म्हणाल्या नाहीत. "हे किती दिवसांपासून आहे?"

"दोन वर्षं."

"मग त्या दिवशी हात खिशात होता तो यासाठी." त्यांनी कापडाची घडी घालायला घेतली, त्यात आई असल्यासारखी हळूहळू. "मला आधी सांगायचं होतंत. मी दुसरीकडे गेले असते. किंवा तुमच्याकडेच दिलं असतं, पण मला ठाऊक असतं तरी."

माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण ती कशाला हलवली कळलं नाही. येताना रस्ताभर एकच मनात, हेच वाक्य मी घरी ओरडून सांगितलं होतं. शब्द तेवढे निराळे.

१० मार्च

सकाळपासून गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली. "माझा हात हलतो. आजपासून या कापतील, मी शेजारी उभी राहून सांगेन." वन्सं मशीनवरून बघत राहिल्या. दोन गिऱ्हाइकांनी कापड परत नेलं. औषधवाला म्हणाला, "मास्तरीणबाई, तुमच्या गोळ्या दोन वर्षं मीच देतोय की. मला काय ठाऊक नाही?" म्हणजे आणखी एक! जगात मी सोडून सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

वन्सं कापतात बऱ्या, पण वळणावर घाई करतात. मी म्हटलं, "काखेत हळू." दहा दिवसांतलं पहिलं वाक्य.

१५ मार्च

विचारणार नव्हते. आठवडाभर जिभेवर होतं, आज बाहीला अस्तर लावताना सुटलं.

"वन्सं, यांना ठाऊक होतं का?"

त्यांनी मशीन थांबवलं. "काय?"

"रिपोर्टांचं."

त्यांनी चाकावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्ही बाजारात गेलात की फाइल मागून घ्यायचा. स्वतः वाचायचा. मला म्हणाला, तिला कळू देऊ नकोस. ती वाचून दाखवते तेव्हा तिचा चेहरा उजळतो, तेवढं तरी बघू दे."

अकरा महिने. मी मनचं रचून वाचत होते, आणि ते उशीला टेकून 'छान' म्हणत होते. मला वाटत होतं मी त्यांना सांभाळतेय. एकदाही म्हणाले नाहीत, की मला भीती वाटते. कसं म्हणणार? मी जागाच ठेवली नव्हती. निरोप घ्यायचा राहिला आमचा. दोघांनीही एकमेकांना बरं करून टाकलं.

आणि या बाईनं एकोणीस वर्षं पोटात ठेवलं! मी म्हटलं, "तुम्ही भावंडं मिळून मला फसवलंत." त्या म्हणाल्या, "हो." इतकंच. वाद घातला असता तर मी भांडले असते.

आज जेवले नाही. पण ताट माझं मीच नेऊन ठेवलं.

१६ मार्च

नऊ वाजता फोन वाजला. मी तो दुकानात कापायच्या टेबलावर ठेवला आणि वन्संना समोरच्या स्टुलावर बसवलं. "दोन्ही हात मांडीखाली घ्या." त्यांनी घेतले. शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारख्या दिसत होत्या.

दोन गोल. माझी बोटं एकदा या गोलावर, एकदा भलतीकडेच. गोगलगाय तर अशी आली, की कुणीतरी पाय दिला असावा तिच्यावर. तोंडं आली तेव्हा विचार केला आणि रडक्याच्या शेजारचं दाबलं. ते खरं होतं. चौकट रिकामी ठेवली आणि फोन टेबलाच्या मधोमध सरकवला.

अकरा वाजेपर्यंत तो तिथेच होता. पुन्हा करता येत होतं. वन्सं गणवेश कापत होत्या, मी मापं सांगत होते, आणि दोघीही फोनकडे बघत नाही असं दाखवत होतो. अकराचे ठोके पडले तेव्हा त्यांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला.

बाराला आकडा आला. ३१. चांदणी नाही, शाब्बास नाही.

वन्संचे डोळे भरले. मी म्हटलं, "रडायचं तर आपल्या नावावर रडा. आणि एक ऐकून ठेवा, माझ्या नावावर पुन्हा बरं व्हायचं नाही." त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि मान हलवली. मला वन्संचा अजून राग आहे. यांचाही आहे, आणि काढायला हे जागेवर नाहीत, म्हणून यांच्या वाटचा वन्सं खातात.

मग मी फोन उघडला, ती चौकट काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "ही तुमची. रोज लिहा. पण माझ्यासमोर. आणि लिहून झालं की मोठ्यानं वाचून दाखवायचं. लिहिलं असेल तेच."

त्यांनी एका बोटानं फार वेळ लावून लिहिलं. मग घसा साफ करून वाचलं, "आज वहिनींचे शंभरपैकी एकतीस. मला भीती वाटते."

मी चष्मा लावला, फोन त्यांच्या हातातून घेतला आणि बघितलं. तेच लिहिलं होतं.